क्लचची तार पुनःपुन्हां कां तुटते?

ज्या घरांत तीस-चाळीस वर्षांपूर्वींची मोटारसायकल अद्याप चालती आहे, त्या घरच्या मंडळींस 'क्लचची तार तुटली' हे शब्द नवे नसतील. आमच्या विदर्भांत अशा गाड्या पुष्कळ आहेत. कोणाच्या अंगणांत वडिलांनीं घेतलेली राजदूत उभी असते, कोणाच्या पडवींत मद्रासेकडची बुलेट, तर कोणाकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांतून निघालेली येझदी. हा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. येझदी हें नांव २०२२ सालीं पुन्हां बाजारांत आलें खरें; पण ती गाडी अगदीं निराळी. जुनी गाडी जपणाऱ्यास ती स्वतःच जपावी लागते. अशा गाड्यांचें इंजिन सहसा दगा देत नाहीं. दगा देते ती शे-दोनशे रुपयांची क्लचची तार, जिला गॅरेजांत सर्वजण 'क्लच-वायर' म्हणतात. ती तुटते, नवी घालतात, तीही तुटते. आणि 'जुनी गाडी, चालायचेंच' असें म्हणून घरचे लोक गप्प बसतात. हें गप्प बसणें किती महागांत पडतें याचा अनुभव आमच्या कुटुंबानें घेतला आहे, आणि तो इतरांच्या उपयोगीं पडावा एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आमचे थोरले बंधू आज हयात नाहींत. त्यांनीं १९८२ सालीं घेतलेली येझदी आमच्या धरमपेठेंतील घरीं आहे व त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, ती वापरतो. दोन वर्षांपूर्वीं चार महिन्यांच्या अवधींत तिची क्लचची तार तीन वेळां तुटली. पहिल्या खेपेस ती घराजवळच तुटली. दुसऱ्या खेपेस वर्धा रस्त्यावर तुटली, पण पुतण्या गाडी चालवीतच घरीं आला. येझदीची एक मोठी सोय अशी आहे कीं, तिचा गिअरचा दांडा पायानें दाबला म्हणजे क्लच आपोआप सुटतो. म्हणून तार नसली तरी गिअर बदलतां येतात. या सोयीनेंच आमचा घात केला. गाडी घरीं येते आहे ना, मग घाई कसली, असें आम्हां सर्वांस वाटलें. ज्या दुकानांत तार बदलून घेत होतों तेथेंही कोणी अधिक चौकशी केली नाहीं, आणि आम्हींही ती करविली नाहीं.

तिसरी खेप संकष्टी चतुर्थीची. पुतण्या आपल्या आईला घेऊन टेकडीच्या गणपतीला गेला होता. परततांना व्हरायटी चौकांत सिग्नल लागला. गाडी पहिल्या गिअरमध्यें ठेवून, क्लचची लिव्हर डाव्या हातानें आवळून धरून तो थांबला होता. त्याच क्षणीं तार तुटली. क्लच एकदम लागला, गाडीनें हातभर उडी घेतली आणि पुढच्या ऑटोरिक्षाच्या मागच्या बाजूस आदळली. वहिनी एका बाजूस पाय सोडून बसल्या होत्या. त्या खालीं पडल्या आणि उजव्या मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें राहिला.

त्या रात्रीं घरांत जें बोलणें झालें तें कोणत्याही एकत्र कुटुंबांत होईल तसेंच होतें. धाकट्या बंधूंचें मत, गाडी भंगारांत द्यावी. पुतण्या मान खालीं घालून बसला होता. अखेर वहिनीच म्हणाल्या, "गाडी विकायची तर विका; माझी ना नाहीं. पण तार कां तुटली तें आधीं कळूं द्या. तें कळल्याशिवाय नवी गाडी आणलीत तरी मी तिच्यावर बसायची नाहीं." आम्हां शिकलेल्या पुरुषांपैकीं एकालाही तोंवर हा प्रश्न सुचला नव्हता, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं मी व पुतण्या महालांतील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं नव्या तारेची गोष्टच काढली नाहीं. तुटलेल्या तिन्ही तारा आणल्या आहेत काय, असें विचारलें. सुदैवानें दोन घरीं पडून होत्या व तिसरी गाडीलाच होती. त्यांनीं तीं टोंकें एकाशेजारीं एक ठेवलीं. तिन्ही तारा हँडलाच्या बाजूस, लिव्हरमध्यें बसणाऱ्या निपलपासून अगदीं थोड्या अंतरावर, एकाच ठिकाणीं तुटलेल्या होत्या. "गुरुजी," ते म्हणाले, "वायर चांगली हाय. तिले रोज त्याच जागी कोणी मोडून राह्यलं, ते पहा."

आयुर्वेदांत निदानपरिवर्जन असा एक शब्द आहे. रोगाचें जें कारण तें प्रथम दूर करणें, असा त्याचा अर्थ. मिस्त्रींनीं संस्कृत वाचलेलें नव्हतें. परंतु त्यांची पद्धति हीच होती.

तारेची रचना

कारण समजण्यासाठीं तारेची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. आंत पोलादी तार असते व तिच्यावर एक आवरण असतें. आंतली तार अखंड सळई नसून १९ किंवा त्याहून अधिक बारीक तारांचा पीळ असतो. बाहेरचें आवरण म्हणजे सपाट पोलादी पट्टीचें अगदीं जवळजवळ घातलेलें वेटोळें, व त्यावर प्लास्टिकचें वेष्टन. आंतील तार ओढली जाते तेव्हां बाहेरचें आवरण तितक्याच जोरानें उलट बाजूस दाबलें जातें. म्हणूनच वळणावळणाच्या मार्गानेंही ओढ एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पोंचते. ही युक्ति अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन या गृहस्थानें शोधून १८९६ सालीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. आज सायकलच्या ब्रेकपासून मोटारसायकलच्या क्लचपर्यंत सर्वत्र तीच चालते.

आतां तार पिळाची कां, याचा प्रयोग मुलांस घरींच करून दाखवितां येईल. एक जाड लोखंडी तार घेऊन ती एकाच ठिकाणीं पुढें-मागें वांकवावी. दहा-वीस वेळांत ती तुटते. तितकीच बारीक तार त्याच वळणावर वांकविली तर ती कितीतरी अधिक वेळ टिकते. जाड तार वांकवितांना तिच्या बाहेरच्या अंगाला ताण अधिक पडतो, बारीक तारेला कमी पडतो. ओढानें न तुटणारी तार वारंवार वांकविल्यानें तुटते. याला धातूची थकावट म्हणतात. क्लचची तार बहुधा ओढानें तुटत नाहीं, या थकावटीनें तुटते. पिळांतील एक धागा आज तुटतो, दुसरा आठ दिवसांनीं. उरलेल्यांवर भार वाढत जातो आणि शेवटीं एके दिवशीं उरलेले सर्व धागे एकदम जातात. आपल्याला तो एकच दिवस दिसतो.

हें किती वेळां घडतें तेंही पाहण्यासारखें आहे. शहरांतून जातांना एका किलोमीटरला दहा वेळां क्लच दाबला असें धरलें आणि दिवसाला दहा किलोमीटर जाणेंयेणें झालें, तर दिवसाचे १०० व वर्षाचे ३६,५०० दाब होतात. लिव्हरच्या खिळ्यापासून आपलीं बोटें जितक्या अंतरावर असतात, त्याच्या सुमारें चौथ्या-पांचव्या हिश्श्यावर निपल असतें. म्हणून बोटांच्या जोराच्या चार-पांचपट ताण तारेवर पडतो. एवढा ताण, एवढ्या वेळां, आणि त्यांतच एका जागीं मुरड पडली तर बिचारी तार किती दिवस टिकणार?

आमच्या गाडींतील दोष

लिव्हर दाबतांना ती खिळ्याभोवतीं फिरते. म्हणून तिच्यांतील निपलही आपल्या घरांत थोडें फिरलें पाहिजे. तें फिरलें तर तार सरळ राहते. तें अडकलें तर प्रत्येक दाबाला निपलच्या तोंडाशीं तार वांकते. आमच्या गाडीला पूर्वींची लिव्हर मोडल्यावर एक स्वस्त लिव्हर बसविली होती. तिच्यांतील निपलचें घर अरुंद होतें, कडेला खरखरीत धार होती आणि तेथें तेलाचा थेंबही कधीं पडला नव्हता. नवी तार घालणारानें निपल हातोडीनें ठोकून आंत बसविलें होतें. तेथेंच तारेचें आयुष्य ठरून गेलें.

दुसरा दोष आमच्या पुतण्यानें स्वतः ओढवून घेतला होता. त्यानें शोभेसाठीं मूळचें हँडल काढून उंच हँडल बसविलें होतें. हँडल चार बोटें उंच झालें, पण तार मूळच्याच लांबीची राहिली. हँडल एका बाजूस वळविलें कीं आवरण ताणलें जाई व लिव्हरपाशीं त्याला एकदम काटकोनांत वळण घ्यावें लागे. मिस्त्रींनीं हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून दाखविलें, तेव्हां कोणालाही तें दिसण्यासारखें होतें. चार महिने आम्ही 'हल्लीं माल चांगला येत नाहीं' असें म्हणत तारेच्या कंपन्यांना शिव्या मोजीत होतों. चोर सोडून संन्याशाला फांशी देण्याचाच तो प्रकार!

मूळच्या नमुन्याची लिव्हर व जुनें हँडल परत बसविलें. एवढाच उपाय.

इतर कारणें

प्रत्येक घरच्या गाडींत हेच दोष असतील असें नाहीं. मिस्त्रींकडून जें ऐकलें व नंतर स्वतः पाहिलें, त्यावरून तपासणीचा क्रम सांगतों.

प्रथम तुटलेलें टोंक पाहावें. जुनी तार कधींही दुकानांत टाकून येऊं नये. लिव्हरकडे तुटली असेल तर वर सांगितलेले दोष शोधावे; शिवाय लिव्हरचा खिळा व त्याचें भोंक झिजून लिव्हर वरखालीं हलते काय तें पाहावें. इंजिनाकडे तुटली असेल तर तेथील दांड्याचा कोन पाहावा. क्लच सुटण्याच्या वेळीं तार व तो दांडा यांत साधारण काटकोन असावा. आंतील भाग झिजल्यावर किंवा ॲडजस्टर भलतीकडे फिरविल्यावर हा कोन बिघडतो, लिव्हर जड होते व तारेवरील ताण वाढतो. निपलमधून तार सबंध निसटून आली असेल तर तो झाळण्याचा दोष. त्या वेळीं मात्र मालाला दोष द्यावयास हरकत नाहीं. मध्येंच तुटली असेल तर आवरण कोठें तरी चेपलें आहे, पट्टीनें फार आवळून बांधलें आहे किंवा तापलेल्या इंजिनाला टेकून आंतून वितळलें आहे, असें समजावें.

आवरणाच्या दोन्ही टोंकांस धातूच्या टोप्या असतात. त्यांपैकीं एखादी हरवली तर वेटोळ्याचें टोंक उघडें पडतें व आंतील तारेला करवतीसारखें कापतें. नवी तार घेतांना या टोप्या, निपलचा आकार, आवरणाची लांबी व आवरणाबाहेर राहणाऱ्या तारेची लांबी, या चारही गोष्टी जुन्या तारेशीं जुळवून पाहाव्या. दुकानांतच ती थोडी वळवून आंतली तार हातानें पुढें-मागें सरकवावी. कोठें अडखळली तर घेऊं नये.

जुने मिस्त्री तार स्वतः झाळून तयार करीत व अद्याप कोणी कोणी करतात. त्यांत निपलमधून बाहेर आलेल्या टोंकाचे धागे फुलासारखे पसरून त्या फुलांत कथील भरावें लागतें. नुसती सरळ तार घालून झाळली तर ती ओढानें निसटते. आंचही बेताची लागते. तार फार तापली तर तिचें पाणी उतरतें. झाळतांना आम्ल वापरलें असल्यास तें स्वच्छ धुवून तेल लावलें पाहिजे, नाहींपेक्षां तेथूनच गंज चढतो.

नागपूरचें ऊन आणि पाऊस

आमच्या शहराचें हवामान तारेला फारसें अनुकूल नाहीं. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्याही वर जातो, उन्हांत उभ्या गाडीचें प्लास्टिक तडकतें आणि धूळ सर्वत्र शिरते. जून उजाडला कीं त्याच भेगांतून पाणी आंत जातें. धूळ व ग्रीस यांचें मिश्रण म्हणजे घांसण्याची पूडच होय. म्हणून तारेंत जाड ग्रीस भरूं नये. जुन्या पद्धतीच्या, आंत अस्तर नसलेल्या तारेला पातळ तेल द्यावें. हल्लींच्या पुष्कळ तारांना आंतून नायलॉनचें अस्तर असतें. त्यांना तेलाची गरज थोडी, आणि जाड ग्रीसानें तर त्या उलट जड होतात. निपलच्या घरांत मात्र दोन्ही प्रकारांत थोडें ग्रीस हवेंच.

तेल देण्याची रीत सोपी आहे. वरचें टोंक सोडवून त्याभोवतीं प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळ्यासारखा घट्ट बांधावा, त्यांत दोन चमचे पातळ तेल ओतावें व तार रात्रभर उभी टांगावी. सकाळीं खालच्या टोंकांतून तेल ठिबकूं लागलें म्हणजे काम झालें. आमच्या घरीं हें काम पावसाळ्याच्या तोंडाशीं व दिवाळीच्या सफाईंत, असें वर्षांतून दोनदां होतें. आणखी एक बारकावा: लिव्हरपाशीं ॲडजस्टर व त्याची चाकी यांना तार घालण्यासाठीं एक खांच असते. या खांचा एका रेषेंत व वरच्या बाजूस ठेवूं नयेत. पावसाचें पाणी थेट त्यांतूनच आंत जातें.

लिव्हर दाबूं लागतांच क्लच सुटूं लागतां कामा नये. आरंभीं तारेंत दोन-तीन मिलिमीटर ढिलाई असावी. ढिलाई नसेल तर क्लच पुरता लागत नाहीं व त्याच्या प्लेटा घांसतात. फार असेल तर गिअर बदलतांना खडखडाट होतो. ही ढिलाई एकाएकीं वाढूं लागली, आज नीट केली आणि चार दिवसांत पुन्हां वाढली, तर तार लांबत नसून तिचे धागे तुटत आहेत, हें निश्चित समजावें. निपलपाशीं एखादा धागा कुसळासारखा बाहेर आलेला दिसला तर त्याच दिवशीं तार बदलावी. पुतण्यानें नंतर सांगितलें कीं, अपघाताच्या आदल्या आठवड्यांत त्यानें दोनदां ढिलाई काढली होती. ती सूचना होती. ती वाचतां आली नाहीं.

वाटेंत तार तुटली तर

लांब प्रवासाला जाणारे अनुभवी लोक जुन्या तारेच्या बाजूनेंच एक नवी तार बांधून ठेवतात. तिचीं दोन्ही टोंकें प्लास्टिकमध्यें गुंडाळून बंद केलेलीं असतात. तुटली कीं टोंकें बदलायचीं आणि पुढें जायचें. स्क्रूनें आवळावयाचें पितळी निपलही मिळतें. तें व एक लहान पक्कड डिकींत असावी. हें निपल घरापर्यंत पोंचण्यापुरतें. त्यावर महिना काढूं नये.

कांहींच जवळ नसेल तर मोकळ्या रस्त्यावर, सरावाच्या माणसाला क्लचवांचूनही गाडी नेतां येते. ती न्यूट्रलमध्यें सुरू करून ढकलीत थोडा वेग आला कीं पहिला गिअर घालतात व पुढें ॲक्सिलरेटर क्षणभर सोडून गिअर बदलतात. परंतु वर्दळींत व मागें माणूस बसलेलें असतांना हा प्रयोग कोणीही करूं नये. गाडी कडेला घ्यावी आणि ढकलीत न्यावी. त्यांत लाज कसली?

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिला पैसाही लागत नाहीं. सिग्नलला थांबतांना गाडी न्यूट्रलमध्यें आणावी व क्लच सोडून द्यावा. पुतण्याला ही सवय असती तर व्हरायटी चौकांत तार तुटलीच नसती असें नव्हे. पण ती तुटतांना गाडी जागची हलली नसती आणि त्याच्या आईचें मनगट शाबूत राहिलें असतें.

ज्यांच्या घरीं आतां गिअरवांचूनच्या स्कूटर आहेत, त्यांनीं हा लेख आपल्यासाठीं नाहीं असें समजूं नये. अशा पुष्कळ गाड्यांत क्लचची तार नसली तरी ब्रेकच्या व ॲक्सिलरेटरच्या तारा असतात. मुलांच्या सायकलींनाही असतात. तपासणीचा क्रम तोच. आमच्या घरीं रविवारीं सकाळीं दहा मिनिटें सर्व वाहनांच्या तारा पाहण्याचें काम पुतणीकडे दिलें आहे; तिची नजर तिच्या भावापेक्षां बारीक आहे.

त्या गोष्टीला आतां दोन वर्षें होऊन गेलीं. येझदी विकली नाहीं. जुन्या गाडीच्या नोंदणीचें दर पांच वर्षांनीं येणारें नूतनीकरणही यंदा करून घेतलें. मिस्त्रींनीं घातलेली तार एकदांही तुटली नाहीं. तरी ती नुकतीच आम्हीं आपण होऊन बदलली आणि जुनी, धागा न धागा शाबूत असलेली, गुंडाळून गाडीबरोबर ठेवली आहे. वहिनी मागच्या चतुर्थीस पुन्हां येझदीवर बसून टेकडीच्या गणपतीला गेल्या. निघण्यापूर्वीं त्यांनीं लिव्हरपाशीं वांकून निपल फिरतें कीं नाहीं तें स्वतः पाहिलें, आणि मगच बसल्या.